कानशीच्या खुणा

१७९५ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर भिंगाखाली धरला, तर स्वातंत्र्यदेवतेच्या केसांवरून किंवा नाण्याच्या काठावरून गेलेल्या बारीक, समांतर, खोलगट रेषा पुष्कळदा दिसतात. नवखा माणूस त्या पाहून नाणे बाजूला ठेवतो, कारण कुणीतरी ते खरवडले आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या रेषा नाण्यावर छाप पडण्याच्या आधीच्या असतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत प्रत्येक कोरी चकती काट्यावर घातली जाई. ती भारी भरली, तर कानशीने तिची थोडी चांदी उतरवली जाई आणि मगच ती ठशांखाली जाई. १७९५ मध्ये या कामावर सारा वॉलड्रेक आणि रेचेल समर्स या दोन स्त्रिया रोज पन्नास सेंट मजुरीवर लागल्या. त्यांची नावे टांकसाळीच्या इतिहासात टिकून राहिली आहेत. एखाद्या डॉलरवरची कानस नेमकी कुणाच्या हातची, हे सांगता येणे शक्य नाही. पण हात होता, एवढे त्या रेषा निःसंशय सांगतात.

पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून मी ही सुरुवातीची चांदीची नाणी जमवतो. डॉलर माझ्या खिशाला क्वचितच परवडतात, त्यामुळे माझा मुख्य संग्रह अर्ध्या डॉलरचा आहे. पण या छंदाचे मूळ डॉलरच्या गोष्टीतच असल्याने आधी तिच्याकडे वळणे भाग आहे.

अमेरिकेचा टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा. त्याने डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी आणि एकूण वजन ४१६ ग्रेन, म्हणजे सुमारे २६.९६ ग्रॅम, ठरवून दिले. शुद्धतेचे प्रमाण १६६४ भागांत १४८५ भाग असे निघाले. कोणत्याही सराफाला हा आकडा विचित्र वाटेल, परंतु तो हवेतून आलेला नव्हता. त्या काळी अमेरिकेत खऱ्या अर्थाने चालणारे नाणे स्पेनचे होते. मेक्सिको आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील खाणींतील चांदीचे आठ रियालांचे ते मोठे नाणे बाजारात फिरून फिरून जेवढे झिजले होते, त्याच्या जवळपास अमेरिकेने आपला डॉलर बेतला. त्याच कायद्यात टांकसाळीच्या अधिकाऱ्याने लबाडीने नाण्याचा कस उतरवला किंवा धातू हडपला, तर त्याला मृत्युदंड सांगितला होता. कानशीच्या रेषांकडे पाहताना मला हे कलम आठवते. वजनाच्या बाबतीत ती माणसे इतकी धास्तावलेली का होती, ते त्यावरून कळते.

या साऱ्याच्या मागे दीडशे वर्षांची नाण्यांची टंचाई होती. इंग्लंड आपल्या वसाहतींकडे चांदी जाऊ देत नसे आणि वसाहतींना स्वतःची टांकसाळ काढण्याची मुभा नव्हती. तरीही मॅसॅच्युसेट्सने १६५२ मध्ये ते धाडस केले. बोस्टनचे सोनार जॉन हल आणि त्यांचे भागीदार रॉबर्ट सँडरसन यांनी प्रथम पाडलेल्या शिलिंगवर एका बाजूला ‘एनई’ ही न्यू इंग्लंडची आद्याक्षरे आणि दुसऱ्या बाजूला बारा पेन्सांचा रोमन आकडा, एवढेच होते. बाकी नाणे कोरे असल्याने लोकांनी कडा कातरून चांदी काढायला वेळ लावला नसता. म्हणून त्याच वर्षी दोन्ही बाजूंना गोलाकार अक्षरे आणि मध्ये झाड असा नवा छाप ठरला. आधी विलो, मग ओक आणि शेवटी पाइन अशी झाडे बदलत गेली, पण साल मात्र तीस वर्षे जवळजवळ सगळ्या नाण्यांवर १६५२ हेच राहिले. इंग्लंडमध्ये त्या वर्षी राजा नव्हता, त्यामुळे राजाच्या हक्कावर गदा आणल्याचा आरोप टाळायला हे साल सोयीचे होते, असे सांगतात. कायदा ज्या वर्षी झाला ते वर्ष कोरले, एवढे साधे कारणही त्यामागे असू शकेल, आणि मला ते अधिक पटते. हलचा शिलिंग ७२ ग्रेनांचा, तर इंग्लंडचा जवळपास ९३ ग्रेनांचा होता. नाणे हलके ठेवले की ते परदेशी जाणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. पाइनच्या झाडाचा चांगला शिलिंग आज काही हजार डॉलरला जातो. एका प्रदर्शनात मी तो हातात घेऊन पाहिला आहे. पत्र्यासारखा पातळ, थोडा वाकलेला आणि अपेक्षेपेक्षा बराच रुंद.

स्वतंत्र देशाची पहिली चांदीची नाणी मात्र टांकसाळीची इमारत तयार होण्यापूर्वीच निघाली. जुलै १७९२ मध्ये करवती बनवणाऱ्या जॉन हार्परच्या तळघरात पाच सेंट किमतीची सुमारे दीड हजार नाणी पाडली गेली. १३ जुलैला १,५०० नाणी मिळाल्याची नोंद थॉमस जेफरसन यांच्या हिशेबाच्या वहीत आहे. त्यांसाठी वॉशिंग्टन यांनी आपल्या घरची चांदीची भांडी दिली, ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी सांगितली जाते, पण तिला भक्कम आधार सापडलेला नाही. त्यानंतर दोन वर्षे चांदीचे नाणे निघालेच नाही, आणि याचे कारण अगदी कारकुनी आहे. सोन्याचांदीचे काम करण्यापूर्वी मुख्य नाणेकार आणि कस तपासणारा अधिकारी या दोघांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा, असे कायद्यात होते. त्यांच्या वार्षिक पगाराच्या कितीतरी पट असलेली ही रक्कम ते आणणार कोठून? मार्च १७९४ मध्ये काँग्रेसने जामीन कमी केला, तेव्हा कुठे चांदीला हात लावता आला.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला १,७५८ डॉलर टांकसाळीबाहेर पडले. ते ज्या स्क्रू प्रेसवर पाडले गेले, तिची ताकद एवढ्या मोठ्या नाण्याला पुरणारी नव्हती. वरचा आणि खालचा ठसाही एकमेकांशी नीट समांतर बसले नव्हते. त्यामुळे १७९४ च्या बहुतेक डॉलरांवर डाव्या बाजूचे तारे आणि सालाचा काही भाग पुसट उठलेला असतो. अधिक मोठी प्रेस येईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत, डॉलरचे काम थांबले. यांतील एक अत्यंत उत्तम स्थितीतील डॉलर जानेवारी २०१३ मध्ये लिलावात एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला. त्यावर कानशीच्या खुणा तर आहेतच, शिवाय मध्यभागी चांदीची एक बारीक गुडदी ठोकलेली आहे, कारण कोरी चकती वजनात कमी भरली होती. सोनार जुन्या दागिन्याला डाग देतो, त्याच पद्धतीने देशाचा पहिला डॉलर पुरा केलेला आहे, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्याला एवढी किंमत आली.

वजनाची एवढी काळजी घेणाऱ्या त्या टांकसाळीत कसाच्या बाबतीत मात्र वेगळाच प्रकार घडला. कस तपासणारे अल्बियन कॉक्स यांचे म्हणणे असे की कायद्यातील प्रमाणाने पाडलेले नाणे काळवंडेल. त्यांनी संचालक डेव्हिड रिटनहाउस यांना पटवून शुद्धता ९० टक्क्यांवर नेली. म्हणजे नाण्यात कायद्यापेक्षा थोडी जास्त चांदी जाऊ लागली, आणि ही जास्तीची चांदी ठेवीदारांच्या हिशेबातून जात होती, कारण लोक आपली चांदी आणून देत आणि तिची नाणी करून नेत. एका ठेवीदाराने पुढे तक्रार केली आणि काँग्रेसने त्याला भरपाई दिली. मृत्युदंडाचे कलम कस उतरवणाऱ्यांसाठी होते. चढवणाऱ्यांचा विचार कुणी केला नव्हता.

एवढ्या खटाटोपाने काढलेला डॉलर बाजारात टिकला नाही, याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा संग्रह कळत नाही. नवा अमेरिकन डॉलर स्पॅनिश डॉलरपेक्षा किंचित हलका होता, पण वेस्ट इंडीज बेटांवर दोन्ही एकाच दराने चालत. दलालांच्या हे लगेच लक्षात आले. अमेरिकन डॉलर तिकडे न्यायचे, त्या बदल्यात भारी स्पॅनिश डॉलर आणायचे, ते टांकसाळीत देऊन त्यांचे नवे डॉलर करून घ्यायचे आणि पुन्हा तिकडे पाठवायचे. नाणी पाडण्याचा खर्च सरकारचा आणि नफा दलालाचा! शेवटी १८०४ मध्ये डॉलर पाडणे थांबले आणि १८०६ मध्ये तसा अधिकृत आदेशही निघाला. स्पॅनिश डॉलर मात्र अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन राहिला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १९९७ पर्यंत भाव आठव्या हिश्शांत बोलले जात, ते त्या आठ रियालांचेच अवशेष.

चांदी पूर्वेकडेही वाहत होती. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन जहाजे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला येऊ लागली, पण त्यांच्याकडच्या फारशा मालाला आपल्याकडे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे कापड, नीळ आणि साखर घेण्यासाठी ती पिंपेच्या पिंपे भरून स्पॅनिश डॉलर आणत, आणि कंपनीच्या टांकसाळींत त्यांचे रुपये होत. एखाद्या जुन्या मुंबई रुपयात पोतोसीची चांदी असण्याची शक्यता म्हणूनच बरीच आहे. फोर्टमधील टांकसाळीवरून जाणाऱ्या किती लोकांना याची कल्पना असेल, कोण जाणे.

डॉलर थांबल्यावर सगळा भार अर्ध्या डॉलरवर आला. १८०७ मध्ये जॉन राइख या जर्मन कारागिराने त्यासाठी नवा ठसा कोरला. टोपी घातलेली, खांद्यावर केस मोकळे सोडलेली स्वातंत्र्यदेवता एका बाजूला आणि पंख पसरलेला गरुड दुसऱ्या बाजूला. हीच मालिका १८३६ पर्यंत चालली आणि मी तिच्यातच रमलो आहे. वजन १३.४८ ग्रॅम, व्यास साधारण साडेबत्तीस मिलिमीटर, आणि कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ ही अक्षरे. ही अक्षरे छापाच्या वेळी पडत नसत. त्याआधी कोरी चकती अक्षरे कोरलेल्या दोन समांतर पट्ट्यांमध्ये दाबून लोळवत, आणि ती मध्येच घसरली की अक्षरे एकमेकांवर चढत. त्यामुळे कडेवरची अक्षरे विस्कटलेली नाणी अधूनमधून मिळतात. दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या बंद डबीत नाणे गेले की ही कड नीट पाहता येत नाही, हे त्या डब्यांविरुद्धचे माझे पहिले गाऱ्हाणे.

राइख यांच्या ठशावर एक गंमत आहे. त्यांच्या काळातील नाण्यांवर तेराव्या ताऱ्याच्या एका टोकाला बारीकशी खाच असते. ती त्यांची गुप्त सही होती, असे जाणकार मानतात; १८१७ मध्ये ते टांकसाळ सोडून गेले आणि खाचही गेली. ती पाहायला दहापटीचे भिंग आणि बेताचा झिजलेला तारा लागतो.

ठसे तेव्हा हाताने तयार होत. चित्राचा मुख्य भाग मोठ्या ठोकणीने उमटवला, तरी तारे, अक्षरे आणि सालाचे आकडे एकेक करून ठोकावे लागत. पोलाद महाग, त्यामुळे चुकलेला किंवा जुना ठसा टाकून देण्याऐवजी दुरुस्त केला जाई. १८०७ च्या एका ठशावर कारागिराने ५० ऐवजी २० ठोकले आणि मग त्या २ वर ५ ठोकला. नाण्यावर दोन्ही आकडे एकमेकांत गुंतलेले दिसतात. १८१५ चे सगळेच अर्धे डॉलर १८१२ चा आकडा बदलून केलेल्या एकाच ठशातून आले आहेत. ते जानेवारी १८१६ मध्ये बाहेर पडले आणि त्याच महिन्यात टांकसाळीच्या आवारात आग लागून चांदीचे पत्रे लाटण्याचे यंत्रघर जळाले. त्यामुळे पुढे वर्षभर चांदीचे नाणे नाही. १८१५ च्या नाण्यांची संख्या ४७,१५० आणि त्याची ओढ प्रत्येक संग्राहकाला असते. मला मिळालेले नाही, आणि ते आता सहज मिळेल असे त्याच्या किमती पाहता वाटत नाही.

माझ्याकडचे मला सर्वांत आवडते नाणे १८२३ चे आहे. त्या वर्षीच्या एका ठशावर ३ हा आकडा मधोमध तुटला आणि कुणीतरी तो ठशातच डागडुजी करून जोडला. संग्राहक त्याला ठिगळाचा तीन म्हणतात. आणखी एका ठशावरची दुरुस्ती इतकी ओबडधोबड आहे की तिला कुरूप तीन हेच नाव पडले. माझ्या नाण्यावर त्या आकड्याच्या मधल्या टोकाशी धातूचा एक छोटासा गोळा आहे. उजेड डाव्या बाजूने तिरका धरला की त्याची सावली पडते आणि आकडा जणू दोन निरनिराळ्या माणसांनी लिहिला आहे असे दिसते. मागच्या बाजूला गरुडाच्या पंखापासून काठापर्यंत एक बारीक रेष जाते, ती मात्र उंच आहे. हा फरक ओळखता आला की अर्धे काम झाले. ठशाला तडा गेला की तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर रेष उंच उठते. कानशीची रेष खोल असते आणि छापाचा दाब पडल्याने ती चपटी, मध्येच तुटलेली दिसते. नंतर पडलेला ओरखडाही खोलच, पण तो चित्राच्या उंच भागांवरून न थांबता जातो आणि त्याच्या काठाला धातूची धार उभी राहते. एकाच नाण्यावर या तीनही रेषा असू शकतात.

ठशांच्या जोड्यांवरून या मालिकेचे साडेचारशेहून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत आणि प्रत्येकाला ओव्हर्टन क्रमांक, म्हणजे ओव्हर्टन यांच्या सूचीतला क्रमांक, आहे. प्रत्येक प्रकार मिळवण्याच्या मागे लागलेले लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही. काही वर्षांनी ते नाण्याकडे पाहायच्या ऐवजी यादीतील रिकाम्या चौकटीकडे पाहू लागतात.

अर्धे डॉलर टिकले ते बँकांमुळे. हजार-हजारांच्या पिशव्या एका बँकेतून दुसरीत जात आणि पुष्कळ नाण्यांना बाजाराचा हात फारसा लागलाच नाही. म्हणून १८२७ सारख्या वर्षाचे, ज्या वर्षी चोपन्न लाखांवर नाणी पाडली गेली, एखादे बऱ्यापैकी नाणे पगारदार माणसालाही परवडते. यांची त्या काळातील बनावट नाणीही भरपूर आहेत. जर्मन सिल्व्हरची किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची ही नाणी १८३० च्या दशकात प्रत्यक्ष व्यवहारात फिरली आणि आज त्यांचेही संग्राहक आहेत. आत्ता कारखान्यांत तयार होणाऱ्या नकलांना मात्र तशी प्रतिष्ठा नाही; त्यांच्यासाठी एक छोटा काटा आणि कड पाहण्याची सवय जवळ बाळगावी लागते.

दर्जा ठरवण्यासाठी १ ते ७० ची शेल्डन मोजपट्टी आहे. ती १९४९ मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी तयार झाली होती आणि १९८० च्या दशकात प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांनी ती सगळ्या नाण्यांना लावली. तिच्यामुळे फसवणूक कमी झाली, हे मान्यच करायला हवे. पण ६२ आणि ६३ या आकड्यांत जेव्हा शेकडो डॉलरचा फरक पडतो, तेव्हा लोक आकडा विकत घेतात. सर्वांत मोठा दंड आहे तो घासण्याला. लक्ष्मीपूजनाच्या आधी घरातील चांदीची नाणी राखुंडीने घासून लख्ख करणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे दोनशे वर्षांचा काळा-निळा थर अंगावर असलेले नाणे घासलेल्या नाण्यापेक्षा दुप्पट किमतीला जाते, हे आईला पटवून देणे मला आजतागायत जमलेले नाही. तिचे म्हणणे असे की मळ तो मळच. व्यापाऱ्यांच्या टेबलावर मी तिची बाजू घेत नाही, पण जुन्या काळी कुणीतरी घासलेले आणि नंतर पुन्हा मंद करडा रंग आलेले नाणे मला चालते. ते स्वस्तही असते.

राहिला तो १८०४ चा डॉलर, ज्याच्याबद्दल मला हमखास विचारले जाते. १८०४ मध्ये टांकसाळीतून १९,५७० डॉलर बाहेर पडले खरे, पण ते जुन्याच ठशांचे, १८०३ किंवा त्याआधीचे साल असलेले होते. पुढे १८३४ मध्ये एडमंड रॉबर्ट्स या राजदूताबरोबर मस्कतच्या सुलतानाला आणि सयामच्या राजाला भेट देण्यासाठी अमेरिकन नाण्यांचे संच करायचे ठरले. डॉलर शेवटचा केव्हा निघाला, हे वहीत पाहिले तर १८०४ सापडले, आणि टांकसाळीने तीस वर्षांनंतर ते साल असलेले नवे ठसे कोरून डॉलर पाडले. नंतर संग्राहकांसाठी त्यांच्या आणखी नकला त्याच टांकसाळीत गुपचूप झाल्या. आज असे जेमतेम पंधरा-सोळा डॉलर माहीत आहेत आणि प्रत्येकाची विक्री ही बातमी होते.

रॉबर्ट्स यांचे ‘पीकॉक’ हे जहाज सप्टेंबर १८३५ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्यालगत मसिरा बेटाजवळ प्रवाळात रुतले आणि ते सोडवण्यासाठी काही तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. मस्कतची कामगिरी उरकून ते दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले. सयामच्या राजाला द्यायचा संच तेव्हा अजून दिलेला नव्हता. बँकॉकला ते जहाज पुढच्या वर्षी पोहोचले. म्हणजे १८३५ च्या अखेरीस जगातील एक अतिशय प्रसिद्ध नाणे मुंबई बंदरात होते असे म्हणायला हरकत नाही, आणि तेही ज्या वर्षी कंपनीने आपला एकसारखा रुपया सुरू केला त्याच वर्षी. या योगायोगाचा मला आनंद होतो. नाण्याचा मात्र मोह होत नाही. १८०४ मध्ये खरोखर पाडलेले डॉलर १८०३ चे साल घालून कुठेतरी पडलेले आहेत, त्यांना झीज आहे आणि त्यांनी व्यवहार केलेला आहे. एक डॉलर घ्यायचाच झाला, तर मी तो घेईन.

मार्च १८३६ मध्ये फिलाडेल्फियाला वाफेवर चालणारी प्रेस आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ध्या डॉलरच्या कडेवरची अक्षरे जाऊन तेथे सरळ रेषांचे दाते आले. नाणे आता धातूच्या गोल कड्याच्या आत छापले जाऊ लागले, त्यामुळे प्रत्येकाचा घेर तंतोतंत सारखा झाला. १८३७ च्या कायद्याने शुद्धता ९० टक्के केली, म्हणजे कॉक्स यांचा हट्ट चाळीस वर्षांनी पुरा झाला. या नव्या नाण्यांत खोट काढावी असे काही नाही. माझा संग्रह मात्र १८३६ च्या अक्षरे असलेल्या कडेवर थांबतो, आणि सध्या मी १८१७ च्या त्या नाण्याच्या शोधात आहे ज्याच्या ७ खाली ३ दिसतो.